काहीही झालं तरी हिरवं

पुण्याच्या कंपनीने मला फसवलं. मी तिच्या भरवशावर तिसगावच्या डेअरीला शब्द दिला, म्हणून डेअरी फसली. आणि डेअरीला दूध घालणारी माणसं तर त्यांना कुणी काही न विचारताच फसली. कंपनीचं नाव लिहायला माझ्या वकिलाने मनाई केली आहे. ज्यांनी केलं त्यांना कळेल.

माझं नगरला सावेडीत छोटं ऑफिस आहे. पाथर्डीत सायबर कॅफे चालवता चालवता मी वेबसाइट बनवायला शिकलो. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं, आणि त्याची मला लाज नाही.

डेअरीचं काम असं होतं. शेतकरी केंद्रावर दूध आणतो. मशीन त्यातलं फॅट आणि एसएनएफ मोजतं. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात जे उरतं ते. दुधात पाणी घातलं की एसएनएफ पडतो. हे दोन्ही आकडे वेबसाइटने घ्यायचे, दर काढायचा आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर पावती पाठवायची. तिसगावचं केंद्र नीट चाललं, तर तालुक्यातली बाकी सगळी केंद्रं माझ्याकडे येणार, असं चेअरमन भाऊसाहेबांनी चार माणसांत सांगितलं होतं. माझ्याकडे माणसं कमी, म्हणून कोड लिहायचं काम मी पुण्याला दिलं. तिथला प्रोजेक्ट मॅनेजर कौस्तुभ. बोलायला साखर.

"सर, दिवाळीआधी लाइव्ह जाऊ," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आधी पंधरा दिवस जुनी पद्धत आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवायची. पावत्या जुळल्या की मग लाइव्ह."

"एवढा वेळ नाही हो सर. टीम पुढच्या प्रोजेक्टला जाणार आहे."

"बरं. मी पंधरा दिवस सोडतो. तुम्ही काय देता?"

त्याला वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. मी लिंटर मागितला.

लिंटर म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून त्यातल्या चुका दाखवणारा प्रोग्रॅम. हिशेब बरोबर की चूक, हे त्याला कळत नाही. पण एखादी गोष्ट आणली आणि वापरलीच नाही, एखादी फट उघडी राहिली, हे तो लगेच सांगतो. बिल्ड म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड गोळा करून वेबसाइटवर चढवण्याजोगा तयार करणं. हे काम कॉम्प्युटर आपोआप करतो. माझी अट साधी होती. बिल्डच्या सुरुवातीलाच लिंटर चालला पाहिजे, आणि त्याला चूक सापडली तर बिल्ड तिथेच थांबलं पाहिजे. केंद्रावर कॅनमध्ये ओतायच्या आधी दुधाचं सॅम्पल घेतात ना, तसं. सॅम्पल नापास झालं की दूध कॅनमध्ये जात नाही. सॅम्पल घ्यायचं आणि दूधही ओतायचं, याला तपासणी म्हणत नाहीत.

"डन सर. बेस्ट प्रॅक्टिसच आहे ती," कौस्तुभ म्हणाला. ईमेलवरही लिहून दिलं. मी पंधरा दिवस सोडले.

त्यानंतर रोज मला बिल्डचा मेल यायचा. लिंटरसमोर हिरवी खूण. रोज हिरवी. दिवाळीआधी आम्ही लाइव्ह गेलो, भाऊसाहेबांनी पेढे वाटले.

पेढ्यांची चव तोंडात होती तोवर त्यांचा फोन आला. "संदीपराव, उद्या सकाळी केंद्रावर या. लोकं बोलायला लागलीत."

गेलो. रांगेत किटल्या घेऊन माणसं उभी होती. सगळ्यांत पुढे हिराबाई. चार गाईंची धार स्वतः काढतात, आणि त्यांच्या दुधाला केंद्रावर कुणी कधी नाव ठेवलेलं नाही.

"तुमीच का कॉम्प्युटरवाले?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"मंग सांगा. मी गाईला लेकरावानी जपते. अन् ह्यो मागचा गडी हापशावरनं येतो. दोघांला दर सारखाच कसा?"

मागचा गडी भडकला. "ओ, नाव घेऊन बोला. कोन हापशावरनं येतो?"

"नाव कशाला घेऊ? तुझं तुलाच बरं लागलं."

रांग हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी हिराबाईंच्याच दुधाचं सॅम्पल मशीनला लावलं, पावती काढली. मग सगळ्यांसमोर त्याच सॅम्पलमध्ये पाणी ओतून पुन्हा लावलं. फॅट थोडं उतरलं. एसएनएफ धाडकन खाली आला. पावतीवरचा दर जेमतेम हलला.

"आता डेअरीनं दूध घ्यायचं बंद करून हापसाच बसवावा," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"संदीपराव," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्या केंद्रांचं आत्ता बोलू नका."

मी तसाच ऑफिसला आलो. माझ्याकडची डेव्हलपर अश्विनी. तिला म्हटलं, पुण्याचा कोड उतरव आणि आपल्या कॉम्प्युटरवर लिंटर चालव. स्क्रीन लालभडक झाली. अश्विनीने दर काढणारी फाइल उघडली.

"सर, हे बघा. मशीनकडून एसएनएफ घेतलाय, पावतीवर छापलाय. पण दर काढताना तो पुन्हा घेतलाय आणि वापरलाच नाही. तिथे ठरलेला एकच आकडा टाकलाय."

"कशासाठी?"

"डेमोसाठी टाकला असेल. काढायचा राहिला."

"आणि लिंटर काय म्हणतोय?"

"हेच म्हणतोय. घेतला, वापरला नाही. पहिल्या दिवसापासून म्हणतोय. पुण्याच्या बिल्डच्या लॉगमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदीतसुद्धा आहे."

"मग हिरवी खूण कुठून आली?"

तिने बिल्डची सेटिंग उघडली. लिंटर चालवायची ओळ होती. तिच्या शेवटी दोन-तीन अक्षरांची एक शेपटी जोडलेली होती. अश्विनीने मराठीत अर्थ सांगितला: काहीही झालं तरी 'ठीक' म्हण.

मी कौस्तुभला फोन लावला.

"लिंटर आहे ना सर बिल्डमध्ये. रोज रन होतोय."

"रन होतोय. थांबवतोय का?"

"ते नॉन-ब्लॉकिंग ठेवलंय, तात्पुरतं. इतके एरर येत होते की बिल्ड पुढेच सरकत नव्हतं."

"अहो, ते सरकू नये म्हणूनच तर मी ते मागितलं!"

"सर, तुम्ही आवाज चढवू नका."

"तुम्ही लिंटरचा आवाज बंद केलात, आता माझा करताय?"

त्याने फोन ठेवला. पुढे त्याच्या वरच्यांचा मेल आला. 'कम्युनिकेशन गॅप' झाली म्हणे. कसली गॅप? मी मागितलं, त्यांनी हो म्हटलं, आणि मग मला न सांगता त्याचे दात काढून घेतले.

दुरुस्ती आम्हीच केली. अश्विनीने ती शेपटी काढली, बिल्ड लाल झालं, आणि एकेक चूक मिटवत तिने ते खरोखरचं हिरवं केलं. मशीनचे आकडे साठवलेले होते, म्हणून जुन्या पावत्याही नव्याने काढता आल्या. पण हिराबाई तोवर दुसऱ्या डेअरीला दूध घालायला लागल्या होत्या. आणि बाकीची केंद्रं भाऊसाहेबांनी संगमनेरच्या एका पार्टीला दिली. माझ्याशी आजही नीट बोलतात. काम देत नाहीत.

कुणी तुम्हाला लिंटर बसवून दिला, तर हिरवी खूण बघून खूश होऊ नका. कोडमध्ये मुद्दाम एक चूक घाला आणि बिल्ड थांबतं का ते बघा. थांबलं नाही, तर त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका.

आता राहिलं एकच. कोडची प्रत्येक ओळ कुणी बदलली, याची नोंद राहते. ती शेपटी जोडणाऱ्याच्या जागी माणसाचं नाव नाही. तिथे 'डिप्लॉय' असं कंपनीचं सामायिक खातं आहे. म्हणजे सगळ्यांनी केलं, म्हणजे कुणीच नाही. मी कौस्तुभला विचारलं, तो म्हणाला टीमने केलं. टीमला विचारलं, ते म्हणाले वरून आलं. म्हणून आता थेट वरच विचारतो. डायरेक्टर साहेब, तुमच्या कंपनीत त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे होता, आणि त्याला हे करायला कुणी सांगितलं? मला माफीचा मेल नको. मला त्या माणसाचं नाव पाहिजे, आणि तो तिसगावच्या रांगेसमोर उभा राहिलेला पाहिजे.