गेंदालाल दुसऱ्याच्या नावेत बसला

महेश्वरच्या घाटावर गेंदालाल केवटाएवढा ताठ नावाडी दुसरा नव्हता. दुसऱ्याच्या नावेत पाय ठेवणार नाही, हा त्याचा बाणा. आजारात उजवा हात लुळा पडला, नाव काठाला बांधून राहिली, तरी ताठा तसाच. मी तिथंच पायऱ्यांवर द्रोणातले दिवे विकते, त्यामुळे रोज त्याचं आंबट तोंड बघणं आलं.

तो जिवावरच्या दुखण्यातून उठला म्हणून त्याची बायको ग्यारसी नवस फेडायला नर्मदेच्या परिक्रमेला निघाली. "मी सांगितलं होतं का नवस बोलायला?" म्हणत हा फुगून बसला. निरोप द्यायलाही गेला नाही.

एका संध्याकाळी मांगीलाल पलीकडून उतारू घेऊन आला तो ओरडतच. "दादा, भाभी समोरच्या काठावर आल्यात! पहाटे पुढं निघणार."

"मग घरी ये म्हणावं."

"नावाडी असून असं बोलता? परिक्रमेत मैया ओलांडली तर सगळी चाल फुकट. तुम्हीच चला."

"तुझ्या नावेत?"

मला राहवलं नाही. "नाहीतर पोहत जा! समुद्रापर्यंत जाऊन, तिथून वळून ती या काठानं येईपर्यंत उन्हाळा येईल. बसा तोवर फुगून!"

ऊन किल्ल्याच्या भिंतीवरून उतरत होतं. पलीकडे पांढऱ्या लुगड्यातलं कोणीतरी आमच्याकडे बघत उभं होतं. गेंदालाल उठला. मांगीलालचा खांदा धरून नावेत बसला आणि बसल्या बसल्या म्हणालाच, "वल्हं तिरकं मारतोस." मीही टोपली घेऊन चढले. असलं काही चुकवायचं नसतं.

ग्यारसीचे पाय सुजले होते. नवऱ्याला बघून ती नेहमीसारखी वाकायला गेली, तसं त्यानं तिला अडवलं.

"परिक्रमेत आहेस तू. आज पाया मी पडायचं."

परिक्रमावासी दिसला की आम्ही सगळेच पाया पडतो, लहानमोठं बघत नाही. पण नवऱ्याला बायकोच्या पाया पडताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी एक दिवा लावून पाण्यात सोडला. मैयाचे आभार मानायला दुसरं काही सुचलं नाही.

"तुझ्यामुळे जिवंत आहे मी, ग्यारसी," तो वाळूत गुडघे टेकून म्हणाला. "आणि तुलाच तोंड दाखवलं नाही."

"उठा हो," ती रडत म्हणाली, "लोक बघताहेत."

"बघू देत."

डावा हात तिच्या पायांवर होता. तो त्यानं काढला, त्याच हातानं उजवा लुळा हात उचलला आणि तोही तिच्या पायांवर ठेवला.