सही जुळत नाही

चूक भाच्याचीच होती, याबद्दल घरात दुमत नव्हतं. मामीने त्याला नव्या घरासाठी म्हणून चेक दिला. त्याने तो मामा-मामींच्याच जेवणाच्या टेबलावर ठेवून फोनने पुढून एक, मागून एक असे फोटो काढले, ते आपल्या बँकेला पाठवले, 'चेक मिळाला' हा निरोप सगळ्यांच्या नाकासमोर फिरवला आणि जादूगाराने शेवटचा प्रयोग करावा तशा ऐटीत चेकचे टराटरा चार तुकडे केले. आता कागदाचं काय काम, असंही वर म्हणाला. फोनमध्ये तळाशी बारीक अक्षरांत 'पैसे जमा होईपर्यंत चेक जपून ठेवा' असं लिहिलं होतं; पण बारीक अक्षरं वाचणारी माणसं वेगळी आणि चेक फाडणारी वेगळी.

मामीने ते तुकडे हळूच गोळा केले आणि ओंजळीत धरून आत नेले. तेव्हा कुठे भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मामीच्या हाताला गेल्या काही महिन्यांपासून कंप सुटला होता. एकदा चारचौघांत तिच्या हातून चहाचा कप निसटला आणि त्या दिवसापासून तिने घराबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. मैत्रिणी बोलावून थकल्या, फुलझाडं मामाच्या तावडीत सापडून वाळली, पण मामी हलली नाही. हा एक चेक लिहायला तिला अख्खी सकाळ लागली होती. दोन पानं फुकट गेली, तिसऱ्यावर सही उमटली, आणि ती भाच्याने फाडली.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन वाजला. चेक परत. कारण, सही जुळत नाही.

भाचा धावतपळत मामाकडे आला. फोटो काढताना आपल्या अंगठ्याची सावली नेमकी सहीवर पडली असणार, असं त्याने कबूल करून टाकलं. मामा शांतपणे पेपर वाचत होता. "अंगठेबहाद्दर," एवढंच म्हणाला आणि पान उलटलं. नेहमी दोन वाक्यांत भाच्याची सालटी काढणारा माणूस एका शब्दावर थांबला, हे भाच्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

'सही जुळत नाही' हे शब्द मामाला नवे नव्हते. त्यांच्यावरच तर त्याचा संसार उभा होता.

मामा तरुणपणी एका बँकेत कारकून होता. त्या काळी चेक स्वतः प्रवास करायचा. तुम्ही तो आपल्या बँकेत टाकलात की तो इतर चेकांबरोबर टाचणीने टोचला जाई, थैलीत बसे आणि गावातल्या एका मोठ्या हॉलमध्ये जाई. तिथे सगळ्या बँकांची टेबलं मांडलेली असत. दुपारी सगळ्यांचे कारकून थैल्या घेऊन जमत आणि आपापसांत चेक वाटून घेत. ओल्या स्पंजला बोटं लावून गठ्ठे मोजायचे, शिक्के दणादण आपटायचे, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांवर पेपरवेट, आणि पेपरवेट कमी पडले तर कुणाचा तरी चहाचा कप. चेक घरी पोचेपर्यंत त्याच्या पाठीवर इतके शिक्के बसत की देशोदेशी हिंडून आलेल्या पाहुण्यासारखा दिसे. गिऱ्हाइकांची घालमेल व्हायची. चेक कुठपर्यंत पोचला, हे विचारायला लोक रोज बँकेत येत, आणि तेवढ्या ओळखीवर काउंटरवर मुलांच्या सोयरिकी जमत.

मामाच्या समोरच्या टेबलावर दुसऱ्या बँकेची एक मुलगी बसायची. मान वर न करता काम करणारी. मामाने खाकरून पाहिलं, टाचण्या उसन्या मागून पाहिल्या. तिने टाचण्या शिपायाबरोबर पाठवल्या. मग मामाला नियम आठवला. एखादा चेक पास करण्याजोगा नसला तर तो चिठ्ठी लावून परत करायचा, आणि तो परत न्यायला त्या बँकेच्या माणसाने स्वतः टेबलाशी यायचं. झालं. दर आठवड्याला तिच्या थैलीतून आलेला एक तरी चेक मामाला संशयास्पद दिसू लागला. चिठ्ठीवरच्या कारणांपैकी एकावर खूण व्हायची. सही जुळत नाही.

या प्रेमाचा खर्च सोसला तो एका छत्रीवाल्याने. त्याचं खातं मामाच्या बँकेत होतं आणि ज्या कारखान्याला तो चेक द्यायचा, त्या कारखान्याचं मुलीच्या. त्याचे चेक इतक्यांदा परत गेले की त्याने तीनदा येऊन नव्याने नमुना सही दिली. पुढेपुढे तो दुकानात बसून पाटीवर अक्षरं गिरवावीत तशा सह्या गिरवी, आणि आपला नवरा कुठली इस्टेट लाटतोय या शंकेने त्याची बायको हैराण. शेवटी ती मुलगी एकदा टेबलाशी आली, चेक उचलला, नीट पाहिला आणि म्हणाली, "सही जुळते आहे. तुमचंच काय ते सांगा." लग्नाला छत्रीवाल्याला आग्रहाने बोलावलं होतं. त्याने भेट रोख दिली.

पुढे यंत्रं आली. आता चेक जिथे टाकाल तिथेच बसून राहतो आणि त्याचं चित्र तेवढं धावतं. पूर्वी ज्याला आठवडा लागे ते दुसऱ्या दिवशी होतं. घरबसल्या फोटो काढला तरी चालतं. गिऱ्हाइकाचे हेलपाटे वाचले हे मामा मोकळ्या मनाने मान्य करतो. फक्त तो हॉल गेला याची त्याला हळहळ. तिथे आता फरशांचं दुकान आहे. मामा अधूनमधून आत जातो, भाव विचारतो, आणि जिथे टेबल होतं तिथल्या फरशीवर थोडा वेळ उभा राहतो. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक पक्कं चोखंदळ आहे.

तर, मामीच्या बँकेने नवी नमुना सही द्यायला तिला समक्ष बोलावलं. मामीने साफ नकार दिला. चारचौघांत हात थरथरवत बसायची तिची तयारी नव्हती. खातंच बंद करा, म्हणाली. मामाने वाद घातला नाही. पोराला नव्या घरासाठी दिलेली पहिली भेट परत गेली हे काही बरं दिसत नाही, असं पंख्याकडे बघत पुटपुटला. दोन दिवस मामी धुमसली, आणि मग भाच्याच्या गाढवपणाचा उद्धार करत तिने कपाटातून ठेवणीतली पर्स काढली.

तिघं बँकेत पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीने तिला खुर्ची दिली, कागद पुढे सरकवला. मामीचं पेन कागदावर टेकेना. मुलगी म्हणाली, "आजी, पूर्वीसारखी नको. आता जशी येते तशी करा. यापुढे तीच खरी." मामीने तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. थरथरली, पण ठसठशीत उमटली. मग तिने मागितली नसताना आणखी एक करून दाखवली.

तेवढ्यात भाच्याने दुसऱ्या काउंटरवर आपल्या अंगठ्याची चौकशी केली. तिथल्या साहेबांनी पडदा त्याच्याकडे वळवला. चेकचं चित्र लख्ख होतं. सावली नाही, डाग नाही.

"आम्ही पास करणारच होतो," साहेब म्हणाले. "सही जरा हललेली दिसली म्हणून घरी फोन केला. एक गृहस्थ बोलले, सही अजिबात जुळत नाही, त्यांना समक्षच बोलवा."

भाच्याने वळून पाहिलं. मामा दाराशी उभा राहून ठेवींच्या व्याजाचा तक्ता एकाग्रतेने वाचत होता.

बाहेर पडल्यावर मामी दोघांच्या पुढे चालू लागली. इथवर आलोच आहोत तर ते फरशांचं दुकान बघून येऊ, असं तिनेच सुचवलं, आणि वाटेत रोपवाटिकेच्या कुंपणावरून वाकून तिने कुंड्यांचे भावही विचारले. हात हलत होता. तिचं लक्ष नव्हतं.

भाचा मुद्दाम मागे राहिला आणि त्याने मामाला कोपऱ्यावर गाठलं. "मामा, माझ्या अंगठ्याला चार दिवस फुकट शिव्या बसल्या. सही जुळत होती. मग चेक परत कशाला पाठवायला लावलात?"

मामाने पुढे चाललेल्या मामीवरची नजर न हटवता सांगितलं, "अरे, त्याशिवाय ती टेबलाशी येते कुठे?"