नानांच्या हॉलमधलं कार्पेट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साठत जातात आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. परवा कुरिअरचा खोका फोडायला कटर हवा होता म्हणून माळ्यावरची जुनी पिशवी काढली. आत टेप, कात्री, हातोडी, चुका आणि वाळून दगड झालेला सोल्युशनचा डबा. खोका राहिला बाजूला, मी तिथंच स्टुलावर हसत बसलो.

आमच्या कराडच्या कॉलनीत नाना, बापू आणि मी, असे तिघे साठीपलीकडचे. नानांच्या हॉलमध्ये कार्पेट आम्हीच बसवलं, त्याची ही हत्यारं. आता बापू नाहीत, नाना आणि वहिनी मुलाकडे पुण्याला. नाना-बापूंची फार आठवण येते.

कार्पेट हौसेचं नव्हतं. वहिनींना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. डॉक्टर म्हणत, चाला. पण गुळगुळीत फरशीवर एकदा पाय सरकला आणि वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातली खुर्ची सोडली नाही. "पुन्यांदा पडले तर?" एवढंच म्हणायच्या. नाना फौजेतले हवालदार, पण त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे.

*

मी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेला, म्हणून टेप माझ्याकडे. नानांचा टेपवर विश्वास नव्हता, ते फौजी पावलांनी हॉल मोजायचे. दोन्ही मापं काही जुळेनात. वाद नको म्हणून मोठं माप धरलं. सांगलीहून आणलेलं कार्पेट अंथरलं तर ते भिंतीवर हातभर चढलं!

बापू म्हणाले, "वयनीस्नी भितीवर बी चालवायचं हाय व्हय रं?"

*

मग जादाचं कापणं आलं. बापू मूळचे रहिमतपूरकडचे, उसाचे बागायतदार. कटर त्यांनी उलटासुलटा करून बघितला, खाली ठेवला आणि घरून ऊसतोडीचा कोयता आणला. कार्पेट एका घावात तुटलं. सोबत फरशीचा टवकाही उडाला.

बापू शांत. "ऊस जमिनीला लागूनच तोडायचा असतो. वर बुडखा ठेवून चालत न्हाई."

*

कार्पेट ताणायला गुडघ्यानं ढकलायचं एक यंत्र असतं, हे मोबाईलवरच्या व्हिडिओत कळलं. मी बाजार पालथा घातला, मिळालं नाही. तरुणपणी तालमीत घुमलेले बापू म्हणाले, गुडघा आहे तर यंत्र कशाला! आणि शड्डू ठोकून ते कार्पेटला भिडले. वहिनी खुर्चीतून बघत होत्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या.

कार्पेट बोटभर सरकलं, बापूंचा गुडघा आठवडाभर शेकावा लागला. नानांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

*

उंबऱ्यापर्यंत नीट चिकटवता यावं म्हणून आम्ही दार लावून घेतलं होतं. काम झाल्यावर दार आत ओढलं तर ते कार्पेटात रुतून बसलं. दार खालून तासायला पिशवीत रंधा नव्हता. सुतार येईपर्यंत शेजाऱ्यांनी खिडकीच्या गजांतून चहा दिला.

"एवढा बंदोबस्त बॉर्डरवर बी नव्हता," नाना म्हणाले.

*

एवढं करून वहिनी कार्पेटवर पाय ठेवायला तयार नाहीत! नवं आहे, घाण होईल म्हणाल्या. वरून जुन्या चादरी घालायला लावल्या. त्या सरकायला लागल्या म्हणून नानांनी गुपचूप काढल्या. वहिनी खुर्चीतच. नाना माझ्याशीही फारसं बोलेनासे झाले.

एका सकाळी मी नानांकडे चहाला बसलो होतो. बापू शेतावरून थेट आले. कानाला मोबाईल, पायात चिखलानं भरलेल्या चपला. बोलत बोलत हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"आवं भावजी, चपला," वहिनी म्हणाल्या. बापू फोनवर उसाच्या पाणीपाळीच्या भांडणात. वहिनींनी पुन्हा हाक मारली. बापूंचं लक्षच नाही.

वहिनी खुर्चीतून उठल्या. खुर्चीला टेकवलेली काठी तिथंच राहिली. एकेक पाऊल टाकत त्या बापूंपर्यंत गेल्या, त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना दाराबाहेर नेऊन सोडलं. मग तशाच चालत परत येऊन खुर्चीत बसल्या आणि पदरानं घाम टिपला. त्यांच्या मागं नाना चहाचा ट्रे धरून उभे होते.



संध्याकाळी मला नानांचा फोन आला.

"उद्या येताना चपला काढू नगं रं."