वाऱ्याची वाटणी

वेणूबाई बोलायला लागली की कॅम्प दोन या सिंधी वस्तीतल्या त्या अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि विठा उत्तर द्यायला लागली की उरलेल्या कॅम्पाला. दोघी सख्ख्या जावा. नवरे पाठोपाठ गेले, मुलं बदलापूरला आपापल्या फ्लॅटात. मागे राहिलं साड्यांना फॉल-पिको करायचं एक चिंचोळं दुकान, दोन मशिनी आणि त्या दोन मशिनींच्या वरताण चालणारी कटकट.

"हो जाएगा साईं, शाम को ले जाना," वेणूबाई गिऱ्हाइकाला सांगायची.

"कौनसी शाम को? परसों की?" मागून विठा.

या दोघींनी म्हातारपणी समुद्रकाठी राहायला जायचं ठरवलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली. सासरची जागा होती श्रीवर्धनच्या अलीकडे, नारळांच्या सावलीत, अगदी वाळूच्या पुळणीला लागून.

"अरे वेणू भाभी, वहाँ तो हवा में नमक है!" शेजारचा बटणवाला सेठ हळहळला. "कडी, कुंडी, कपाट, सब जंग खा जाएगा!"

"म्हणून तर ताईंना नेतेय," विठा म्हणाली. "या आधीच गंजल्यात."

घराचं काम दिलं आर्किटेक्ट शलाकाला. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनजवळ तिचं छोटं ऑफिस. जागा बघून आली होती. तिने टेबलावर नकाशा पसरला.

"काकू, हे सेमी-डिटॅच्ड. म्हणजे छप्पर एक, मधली भिंत एक, घरं दोन. डावीकडे जे, तेच उजवीकडे, आरशातल्यासारखं."

"म्हणजे जुळ्या बहिणी," विठा म्हणाली.

"छे, जावा. तोंडं बघ, दोन दिशांना," वेणूबाई म्हणाली.

शलाका हसली, पण लगेच पेन्सिल दक्षिणेकडच्या भिंतीवर टेकवून म्हणाली, "एक सांगते. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येणार. सगळी झड या दक्षिणेच्या घरावर. भिंतीला झावळ्यांचे झाप बांधले तरी ओल येणारच. उत्तरेचं घर मात्र त्याच्या आडोशाला कोरडं राहील."

ओल म्हटल्यावर वेणूबाईने विठाकडे बघितलं. विठाला दमा. भिंतीला बुरशी धरली की विठाची छाती शिट्टी वाजवायची, आणि वेणूबाई दोरा ओवायचं निमित्त करून मशीन थांबवायची, ती शिट्टी ऐकत बसायची. कोरडं घर विठालाच मिळायला हवं. पण 'तू घे' म्हणायची सोय नव्हती. मागे तिला खिडकीजवळची मशीन दिली, तर "मी काय आजारी आहे?" म्हणून आठवडाभर अबोला. तेव्हा उपाय एकच. आपण मागायचं. आपण मागितलं की विठा हिसकावणार; आजवर भजीसुद्धा तिने हिसकावूनच खाल्ली होती.

वेणूबाईने टेबलावर थाप मारली. "उत्तरेचं माझं. मोठी मी."

आणि ती वाट बघत बसली.

"घ्या की," विठा म्हणाली. "मला आपला वाराच आवडतो."

"अगं, देतेस काय अशी? भांड की!" वेणूबाईच्या तोंडून निसटलंच.

शलाकाला हसू आवरेना. "काकू, आता सांगूनच टाकते. विठाकाकू काल एकट्या येऊन गेल्या. म्हणाल्या, ताईंचे गुडघे ओलीत धरतात, दक्षिणेचं मला दे. पण बोलू नकोस, नाहीतर त्या हट्टाने तेच घेतील."

"तुझ्या पोटात काही राहत नाही का गं?" विठा तिच्यावर करवादली.

"माझे गुडघे घेऊन बसलीस? आणि तुझी छाती?"

"माझ्या छातीला काय धाड भरलीय?" म्हणता म्हणता विठाला ढास लागली.

"ही बघ, हीच भरलीय! दक्षिणेचं माझं!"

"दक्षिणेचं माझं!"

वेणूबाईने नकाशाचं एक टोक ओढलं, विठाने दुसरं. कागद टेबलावर गरकन फिरला.

"थांबा! हलवू नका कुणी!" शलाका ओरडली.

दोघी तशाच, टोकं धरून. शलाका त्या तिरक्या पडलेल्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने वाऱ्याच्या बाजूने एक बाण काढला. तो थेट मधल्या भिंतीच्या टोकावर येऊन टेकला.

"घरच असं तिरकं बसवू. होडीचं पुढचं टोक पाणी कापतं ना, तशी मधली भिंत वारा कापेल. वारा दोघींना निम्मा निम्मा. त्या बाजूला दोन्हीकडे न्हाणीघर आणि कोठी. ओल तिथे अडेल. झोपायच्या खोल्या मागे, आडोशाला, मधल्या भिंतीला लागून. कोरड्या."

दोघी कागदावर वाकल्या.

"पण रस्त्यावरून घर वाकडं दिसेल," विठा म्हणाली.

"दिसू दे. आत राहणाऱ्या तरी कुठे सरळ आहेत?" वेणूबाई म्हणाली.

विठाने तिला कोपराने ढोसलं. ती मात्र मधल्या रेघेवरून बोट फिरवत होती.

"ही भिंत जाड करणार?"

"हो काकू. इकडचा आवाज तिकडे जायला नको."

"पातळ कर."

"कशाला? माझं घोरणं ऐकायला?" विठाने विचारलं.

"हो," वेणूबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिने उलट उत्तर दिलं नाही.

विठा शलाकाकडे वळून म्हणाली, "कर बाई पातळ. भर पावसात भांडायला अंगणात कोण जाणार?"