रोह्याच्या खांबातली पांढरी भुकटी

रोह्याजवळच्या गावातून भाचीचा फोन आला. "मावशी, देवळाचा मंडप तपासायला इंजिनीयर बाई येणार हाय. लाकूड पोकळ निघालं तर सगळा पाडून स्लॅब घालणार." मी लगेच पिशवी भरली. त्या मंडपातल्या एका खांबाचा तळ मागे वाळवीनं खाल्ला होता, तेव्हा मीच त्यात प्लास्टर भरून वर सागाचा रंग मारला होता. आम्ही हमरापूरचे, गणपती घडवणारे. मोडलेली सोंड कळू देत नाय, तिथं खांबाचं काय!

पेण स्टँडवरून रोह्याची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. सकाळी डाव्या खिडकीला बसू नका, ऊन मारतं. रोह्याला उतरून वडेवाल्याला विचारलं, "कधीचा रे?" म्हणे, "आजचाच, आजी." वडा बोटानं दाबून बघितला आणि केळी घेतली. तुम्हीही दाबून बघा.

देवळात इंजिनीयर पोरगी गुडघ्यांवर बसलेली. आधी हातोडीनं टकटक, मग एका यंत्राची दोन टोकं टोचून ओल बघितली, मग दुसऱ्या यंत्राची लांब बारीक सुई आत घातली. लाकूड घट्ट तर कागदावर रेघ वर, कुजकं तर खाली. भाचीचे सासरे कुरकुरले, "खांबाला भोकं पाडता व्हय?"

"आजोबा, वाळवी यापेक्षा मोठं पाडते, आणि विचारत पण नाही."

पोरगी माझ्या खांबाच्या तळाशी आली. सुईबरोबर पांढरी भुकटी बाहेर पडली.

"बघा! सगळेच असले असणार," सासरे म्हणाले. "पाडा!"

गप्प राहिले असते तर मंडप गेला असता.

"सगळे नाय, हा एकच. मीच भरलाय."

"विहीणबाई, देवाला फसवलंत?"

"देवाला नाय, तुम्हाला. देव काय खांब ठोकून बघतो?"

भाचीनं कपाळाला हात लावला. पोरगी मात्र हसली नाही की रागावली नाही. तिनं उरलेल्या एकूणएक खांबांचे तळ तपासले. भुकटी तपकिरी, रेघ वर. शेवटी म्हणाली, "पाडायची गरज नाही. या एकाचा हातभर तळ कापून नवा साग सांधा, आणि पावसाचं पाणी तिथं साचू देऊ नका." सासऱ्यांनी तिथूनच सुताराला फोन लावला. माझ्याशी बोलले नाहीत, पण चहा पाठवला.

संध्याकाळच्या गाडीनं घरी आले. आमच्या कारखान्यात माळ्याखालच्या खांबावरही माझाच हात फिरलेला, आणि माळ्यावर दोनशे गणपती. लुगडं न बदलताच पटाशी घेऊन प्लास्टर खरवडायला बसले.

सून धावत आली. "आई, उद्या गिऱ्हाईक येणार! भोक बघून काय म्हणतील?"

"म्हणू देत. मूर्ती विकायच्या हायत, खांब नाय. तू आधी माळा रिकामा कर, मग त्या पोरीला फोन लाव."