दोघांनी म्हटल्याशिवाय नाही

तुमच्याजवळ अशी कोणती गोष्ट आहे, जी जगात फक्त एकाच जागी आहे? आणि ती आजवर शाबूत राहिली ती तुमच्या काळजीनं, की नुसत्या नशिबानं? वानखेडे काकांनी मला हे विचारलं तेव्हा मी चिडले होते. कामगार संघटनेची पत्रकं वाचत वाढलेल्या मुलीला इतरांना प्रश्न विचारायची सवय असते. आपल्याला कोणी विचारला की झोंबतो.

वानखेडे काका मालगाडीचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर रायपूरजवळच्या बीरगावात दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. इंजिनात एक रीत असते: सिग्नल दिसला की ड्रायव्हरनं बोट दाखवून तो मोठ्यानं म्हणायचा, आणि सहायकानं स्वतः पाहून तोच परत म्हणायचा. दोघांचं जुळलं तरच गाडी पुढे. काकांनी नोकरी सोडली, रीत सोडली नाही. गॅस बंद केला की "बंद!" म्हणायचे, आणि काकू घरात असतील तिथून "बंद!" म्हणायच्या. शेजारच्या उरल्याच्या चौकात स्कूटरवर काका बोट उंचावून ओरडायचे, "हिरवा!" मागं बसलेल्या काकू पदर सावरत म्हणायच्या, "हिरवा!" ट्रकवाले खिडकीतून वाकून हसायचे.

"माहं लग्न माणसाशी झालं का इंजिनाशी," काकू म्हणायच्या, "मले अजून समजलं नाई वो."

नागपूरच्या लेकीनं बंद पडलेला लॅपटॉप घरी टाकून दिला होता, तो उघडता उघडता काका शिकले. मग मोहल्ल्यातले लॅपटॉप त्यांच्या व्हरांड्यात यायला लागले. पण ते स्वतः हात लावायचे नाहीत. पेचकस मालकाच्या हातात द्यायचे. "इंजिनाचं पोट मले कधी कोणी उघडू नाई देल्लं," ते म्हणायचे. "तू तरी आपलं उघडून पाह्य."

मी त्यांच्याकडे गेले ती कामगार खात्यापुढच्या सुनावणीच्या आदल्या सकाळी. उरल्यातल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये जाळी नसलेल्या यंत्रावर माणसांची बोटं जात होती. जाळी न बसवण्याला आमच्या पत्रकात अपघात म्हणत नाहीत. मी एक्केचाळीस कामगारांच्या साक्षी त्यांच्याच आवाजात घेतल्या होत्या. त्यातले निम्मे काम सोडून गावाकडे गेले होते, फोन लागत नव्हते. धनेशची उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. महिनाभर विनवल्यावर तो बोलला होता, आणि आधीच बजावून, "दीदी, एके बार बताहूं." एकदाच सांगेन. हे सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि लॅपटॉप सुरू व्हायलाच अर्धा तास घेत होता. उद्या नव्या रायपुरात साहेब लोक माझ्यासाठी अर्धा तास थांबणार नव्हते. म्हणून मी येताना नवी, वेगवान डिस्क घेऊनच आले होते.

"काहून आली वो, तोंड एवढं लाल करून?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लॅपटॉपला कान लावला. "तबकडी फिरून राहिली आत. थकली बिचारी. नव्या डिस्कमधी फिरणारं काहीच नसते, म्हणून पळते ती." मग डोकं वर करून, "ह्या साक्षी अजून कुठी आहेत?"

"कुठेच नाहीत."

तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, "काका, भाषण नको, डिस्क बदला."

"भाषण तं तू देते. मी फक्त इचारून राहिलो."

नवी डिस्क एका छोट्या डबीत घालून तारेनं लॅपटॉपला जोडली. आधी जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, मग जुनी काढून नवी तिच्या जागी बसवायची. पडद्यावर दोन डिस्क दिसत होत्या, दोन्ही सारख्याच आकाराच्या. वर "कुठून", खाली "कुठे". मी भराभर निवडलं आणि बोट बटणावर नेलं.

"म्हण," काका म्हणाले.

"काका, वेळ नाही."

"बोट दाखव. म्हण."

मी दात-ओठ खात म्हटलं, "कुठून, डिस्क एक. वापरलेली जागा, काही नाही. कुठे, डिस्क शून्य. वापरलेली जागा, जवळजवळ सगळी."

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून लाटण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मी नाई म्हणत," आतून काकू म्हणाल्या. "रिकाम्या डब्यातून भरल्या डब्यात काय ओतून राहिली वो, पोट्टी?"

मी बोट झटकन मागे घेतलं. संगणक शून्यापासून मोजतो, मी एकपासून मोजलं होतं. बटण दाबलं असतं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरली असती, आणि एक्केचाळीस माणसं पुसली गेली असती. धनेश एकदाच बोलणार होता. तो बोलून झाला होता. मिलमालकाला जे जमलं नव्हतं ते मी एका बोटानं करणार होते!

काका रागावले नाहीत. त्यांना चूक आधीच दिसली होती का, हे मी कधी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "गाडी वेगात असली की सिग्नलबी लवकर येते. म्हणून तं ओरडाचं."

मी निवड उलटी केली आणि ओरडले, "कुठून, भरलेली! कुठे, रिकामी!"

"भरलेली! रिकामी!" आतून आलं, आणि मी बटण दाबलं.

उतरवायला दुपार झाली. काकूंनी पोळ्या आणि वांग्याची भाजी जबरदस्तीनं खाऊ घातली. मग काकांनी माझंच एक पत्रक मागच्या कोऱ्या बाजूनं टेबलावर पसरलं, त्यावर लॅपटॉपची आकृती काढली, आणि मी काढलेला एकेक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी ठेवायला लावला.

"तुह्या पत्रकाची मागची बाजू लई कामाची."

"आणि पुढची?"

"वाचली. लई ओरडते." स्क्रू नीट सरकवत ते म्हणाले, "बरोबर ओरडते."

नवी डिस्क बसली. मी बटण दाबलं, काका मोजायला लागले. बारा म्हणेपर्यंत पडदा उजळून तयार! मी खुर्चीवरून उडालेच. "काकू, झालं! झालं!"

"हिरवा म्हण!" काका.

"हिरवा!"

"हिरवा!" काकू पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. मी धनेशची फाइल उघडली आणि बोट उचलायच्या आत त्याचा आवाज व्हरांडाभर झाला. काकूंनी तो उभ्यानं, शेवटपर्यंत ऐकला. मग आत जाऊन देवाच्या फडताळात जागा केली. जुनी डिस्क तिथं राहिली.

दुसऱ्या दिवशी, नव्या रायपुरातल्या त्या थंडगार दालनात एका साहेबांनी विचारलं, "पुरावा?" त्यांचा प्रश्न पुरा होतोय तोवर धनेश बोलायला लागला होता. काही महिन्यांनी त्या यंत्रावर जाळी बसली. धनेशची बोटं परत आली नाहीत, हेही मी लिहून ठेवते.

काका मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर एकदा मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन मी त्याच टेबलाशी बसले. तार जोडली, निवडलं, बोट ठेवलं.  हळूच म्हटलं, "कुठून, भरलेली. कुठे, रिकामी." आत लाटणं चालूच राहिलं. मी पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

"ऐकू नाई आलं," आतून काकू म्हणाल्या. "मोठ्यानं!"

मी ओरडले. आणि "भरलेली! रिकामी!" असा काकूंचा आवाज खणखणीत परत आला.

आता तुम्ही. एकाच जागी असलेली ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वाचताना तीच डोळ्यांपुढे होती. तिची दुसरी प्रत आज करा, उद्या नाही. बटण दाबण्याआधी घरातल्या कुणाला तरी हाक मारा, बोट दाखवा आणि मोठ्यानं म्हणा. हसतील, हसू द्या. पण पलीकडून तेच शब्द परत आल्याशिवाय बोट खाली आणू नका.