इंजिनाला पाजलेलं टोळीचं तेल

माझी शाळा चौथीत संपली. तरी डिझेल इंजिनासमोर पान्हा घेऊन बसलो की वाटायचं, आपल्यासारखा कारागीर साकोलीपर्यंत नाही. बायको म्हणायची, "मांजर दुधापाशी बसलं म्हून गवळी होत नाही जी." गाव मात्र मला इंजिनियर म्हणायचं. मला ते खरं वाटायचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सानगडीच्या बाजूला आमचं गाव. दीड एकराच्या तीन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यांच्या खाली बोडी, म्हणजे लहान तलाव, आणि बोडीच्या काठावर इंजिन. त्या साली दसऱ्याआधीच पाऊस निघून गेला. धान निसवायला आलं होतं, लोंब बाहेर पडायच्या बेतात. या आठ-दहा दिवसांत बांधीत पाणी नसलं तर लोंबात दाणा भरत नाही, नुसता कोंडा राहतो. वर्षभराचा भात त्या आठ दिवसांवर टांगलेला. बोडीत पाणी होतं, इंजिन होतं, डिझेल नव्हतं. साकोलीच्या पंपावर दोन दिवस डबा घेऊन रांगेत उभा राहिलो, तेव्हा एक बाटली मिळाली.

रांगेत माझ्या मागे एक विज्ञानाचे मास्तर होते. वेळ जात नव्हता, तर ते सांगू लागले, की बियांच्या तेलावरही इंजिन चालतं. तेल नुसतं ओतलं तर इंजिनात काजळी धरते. पण त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळलं, की जड गाळ खाली बसतो आणि वर पातळ, डिझेलसारखं तेल येतं. धूरही कमी. "पण भाऊ," मास्तर म्हणाले, "स्पिरिट एकदम कोरडं पाहिजे. पाण्याचा थेंब चालत नाही. आणि तयार तेल धुतल्यावरचं पाणी कुठंही फेकू नका, जहर असते ते."

दोन्ही ताकिदी मी नीट ऐकल्या, आणि घरी येईपर्यंत दोन्ही विसरलो.

घरात टोळीच्या तेलाचा एक डबा होता. टोळी म्हणजे मोहाची बी. ती बायकोनं जेठात उन्हातान्हात झाडाखालून वेचली होती, फोडली, वाळवली, घाण्यावर नेऊन तेल काढून आणलं होतं. वर्षाची फोडणी त्या डब्यात, देवाजवळचा दिवाही त्यातलाच. सोडा मी सूत रंगवणाऱ्या एका ओळखीच्याकडून आणला. राहिलं स्पिरिट. ते आमच्या गावात कुठलं? पण मोहाची पहिल्या धारेची दारू काडी लावली की निळी जळते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. जळते म्हणजे स्पिरिटच की! मोहाचंच तेल, मोहाचीच दारू, घरातल्या घरात सोयरीक. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो की रस्त्यानं एकटाच हसत आलो.

बायको बांधीवर गेली होती. मी अर्धा डबा तेल गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतलं, सोडा दारूत विरघळवून त्यात घातला, आणि बांबूच्या काडीनं ढवळत बसलो. पातळ व्हायचं सोडून ते घट्ट होऊ लागलं. मी आणखी दारू घातली. ते आणखी घट्ट झालं. शेवटी काडी त्यात उभी राहिली. वरचं पांढुरकं पाणी मी परसात, तिच्या वांग्यांच्या आळ्यात ओतलं.

ती आली. गंजात बोट घातलं, बोटावर पाणी घेऊन चोळलं. फेस आला.

"साबण केला जी तुमी."

"डिझेल होत होतं. जराशी कसर राहिली."

"वास कायचा येऊन राहिला?" तिनं बाटली पाहिली. "अगा माय! पोरगा पीत नाही म्हून माया बापानं तुमाले पोरगी देली. आन तुमी इंजनाले पाजून राहिले!"

"मास्तर म्हणाले होते वो..."

"मास्तराले धान आहे का बांधीत?"

बांधीतला चिखल कोरडा पडून तडा गेलेला ती पाहून आली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच उरलेला अर्धा डबा तिनं उचलला. सकाळच्या गारव्यानं तेल तुपासारखं थिजलं होतं.

ती म्हणाली, "थिजलं तर मी काय करतो? दारू घालतो का? चुलीपाशी ठेवतो. चाला."

बोडीवर तिनं तीन दगडांची चूल मांडली. तेल ऊन केलं, जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं. मग मला म्हणाली, "इंजनाचा धूर निंगते तो नळ तापते ना? डबा तेथीच बांधा. चुलीचं काम तोच करीन." आधी बाटलीतलं डिझेल देऊन इंजिन तापवलं, मग तेलावर घेतलं. दोन ठसके दिले त्यानं, मी डोळे मिटले, आणि ते लागलं. बंद करायच्या आधी ती म्हणाली, "आता शेवटी घोटभर डिझेल द्या. तोंड खंगाळून झोपू द्या त्याले."

इंजिन आठ दिवस असंच चाललं. काळा धूर, साऱ्या बोडीवर भजी तळल्याचा वास. पुढे साकोलीच्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं तेव्हा आत बोटभर काजळी होती आणि त्याच्या तोंडी शिव्या होत्या. मास्तरांची रीत स्वच्छ असेलही, म्हणजे मास्तरांच्या हातानं. माझ्या हातानं वांगी करपली आणि त्या आळ्यात दोन वर्षं गवत उगवलं नाही. ते पाणी बोडीत ओतलं असतं तर मासेही गेले असते. टोळीची नुसती ढेप, म्हणजे पेंड, पडली तरी मासे पोट वर करतात, मग हे तर सोड्याचं.

पण धान भरलं. त्या वर्षी आमच्या भाजीला फोडणी नव्हती. कपडे मात्र खूप स्वच्छ होते.

लोक रीत विचारायला यायचे. मी खाटेवर बसून सांगायचो, तेल ऊन करायचं, नळाला डबा बांधायचा, सगळं जणू माझ्याच डोक्यातून निघालेलं. ती दाराआडून हळूच म्हणायची, "साबणाचं सांगा जी." मी खोकायचो. साबणाचं मी कधीच सांगितलं नाही.

तिला जाऊन दोन पावसाळे झाले. परवा पारावर माझ्याच वयाचा एक म्हातारा पोरांना सांगत होता, या इंजिनियरच्या डोक्यानं त्या साली धान वाचलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्या डोक्याचा साबण झाला होता गा. धान तिनं वाचवलं."

तो म्हणाला, "मालूम आहे ना. तुया बायकोनं माया बायकोले तवाच सांगतलं होतं. साबणाची एक वडीबी देली होती."

म्हणजे चाळीस वर्षं सारं गाव मला इंजिनियर म्हणत होतं ते कशावरून, ते परवा कळलं. मला इतकं हसू आलं की काठी टेकत तसाच घरी आलो, आणि हे तिला सांगायला म्हणून दारातूनच हाक मारली.